बॅटरीआधी तो निळा दिवा बघा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार. मी कळव्यात राहते, महापे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाते. पहाटे साडेपाचला गाडी काढावी लागते. गाडी बाबांची, २०१८ची, शंभर सीसी, कार्ब्युरेटरवाली. ते रिटायर झाले, गुडघे दुखतात, म्हणून दीड वर्षापासून मी चालवते. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट. मग किक, दहा-बारा. चालू झाली तरी रेस दिली की बंद. दुपारी चारला कंपनीतून निघताना मात्र एका बोटावर चालू होते. सकाळी ब्रेक चीं करून ओरडतो, चेनही वाजते. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, दीड हजार लागतील. बॅटरी दोनच वर्षांची आहे. भाऊ म्हणतो, खर्च करतेच आहेस तर हेडलाइटला एलईडी बल्ब, जाड मागचा टायर आणि मोठा हॉर्नही टाकून घे. दिवाळीत त्यानेच हँडलला मोबाइल चार्जर बसवून दिला. जानेवारीत बाबांना मागे बसवून घोटीला आत्याकडे जायचंय. भाऊ म्हणतो समृद्धीने जा. माझं बजेट तीन हजार. काय करू?"
(नाव न छापण्याची विनंती. कळवा, ठाणे)

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दिवाळीत भावाने चार्जर बसवला. दिवाळी झाली आणि महिन्याभरात गाडी आजारी पडली. दोष आधी थंडीवर गेला, मग बॅटरीवर. चार्जरकडे कुणाचं लक्षच नाही.

आज रात्री जेवणं झाली की खाली जा. किल्ली गाडीला लावू नका, नुसतं हँडलकडे बघा. चार्जरच्या खाचेत निळा दिवा मिणमिणत असेल, तर भावाने वायर थेट बॅटरीवरून ओढली आहे. एवढासा दिवा बॅटरी काय खाणार, असं कुणालाही वाटेल. एका रात्रीत नाहीच खात. पण शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी असते डब्याच्या एका कप्प्याएवढी. तो दिवा आणि चार्जरच्या पोटातलं सर्किट रात्रभर थेंब थेंब पीत राहतं. सकाळी तुम्ही चार-पाच वेळा सेल्फ मारता, तो मोठा घास. आणि परत भरायला मिळतं काय, तर कळवा ते महापे बारा-तेरा किलोमीटर, त्यातही सिग्नलला थांबत थांबत. जमा कमी, खर्च जास्त. मला सांगा, सोमवारी सकाळी त्रास सगळ्यात जास्त होतो का? रविवारी गाडी दिवसभर उभी असेल आणि सोमवारी सेल्फने अगदीच मान टाकली असेल, तर चोर घरातलाच आहे.

तपासायला पैसे लागत नाहीत. चार्जरच्या वायरवर फ्यूज असेल तर तो काढा, नसेल तर बॅटरीकडून त्याची वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा. तीन रात्री तशीच राहू द्या आणि सकाळी सेल्फ सुधारतो का बघा.

आता थंडीबद्दल. ठाण्यात पारा पंधरा-सोळावर आला की आपण कानटोपी घालून गॅलरीत चहा पितो, पण बॅटरीच्या लेखी ही थंडी नव्हेच. पोटभर चार्ज असलेली धडधाकट बॅटरी एवढ्या गारव्यात कुरकुरत नाही. अर्धपोटी असलेली कुरकुरते. दुपारी गाडी पटकन चालू होते, कारण ती तोवर उन्हात तापलेली असते, ऑइल पातळ झालेलं असतं आणि नऊ-दहा तासच उभी असते. रात्रीचे होतात बारा-तेरा.

मेकॅनिकचं निदान अर्धं बरोबर असू शकेल, पण एका गोष्टीचा त्यात मेळ बसत नाही. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ फिरणार नाही, हे ठीक. पण किकला दहा-बारा फेऱ्या का? हॉर्न रडका का होईना वाजत असेल, इंडिकेटर लुकलुकत असतील, तर प्लगला ठिणगी द्यायला तेवढा करंट बहुधा पुरतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडीने उठायला हवं. आणि उठल्यावर रेस दिली की बंद पडते, हे तर बॅटरीचं लक्षणच नाही. ते इंजिनाला पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण आहे.

तुम्ही चोक वापरता का? पत्रात तो शब्दच नाही.

गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं थेंबाथेंबाने नळीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत पोचते ती जास्त हवा आणि कमी पेट्रोल. चोक ओढला की हवा अडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. वर्षाचे दहा महिने आपल्याकडे याची गरज पडत नाही, म्हणून शहरातली निम्मी माणसं तो खटका विसरून गेली आहेत. एक करा. उद्या सकाळी बाबांना खाली बोलवा आणि काही न सांगता गाडी चालू करायला द्या. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा डावा हात आपसूक कार्ब्युरेटरकडे जाईल. तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं नसेल, कारण आपण काही वेगळं करतो हे त्यांच्याही ध्यानात नसेल.

कृती अशी. किल्ली बंद ठेवून दोन-तीन रिकाम्या किक मारा. मग किल्ली चालू, चोक ओढलेला, एक्सलेटरला हात न लावता किक. चालू झाली की अर्धा-एक मिनिट तशीच चालू द्या, चोक हळूहळू सोडा आणि निघा. पहिला किलोमीटरभर गाडी ताणू नका, बस. पाच-पाच मिनिटं जागेवर रेस करून सोसायटीला जागं करायची आपल्या हवेत गरज नसते. चोक सोडायला मात्र विसरू नका, नाहीतर दिघ्यापर्यंत प्लग काळा होऊन बसेल. (हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे. त्यांना चोकचा खटका नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाचा झूं आवाज थांबू द्यायचा आणि मगच सेल्फ मारायचा.)

आता बजेटमधली पहिली खरेदी. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशेत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. चाकी डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. रात्री गाडी लावल्यावर तासाभराने एक आकडा लिहा, सकाळी गाडीला हात लावण्याआधी दुसरा. साडेबाराच्या वर, १२.६च्या आसपास असेल तर बॅटरीचं पोट भरलेलं आहे. १२.४च्या खाली गेली तर अर्धपोटी, बाराच्या खाली म्हणजे उपाशी. चार्जर जोडलेला असताना आणि काढलेला असताना सकाळच्या आकड्यात ठळक फरक पडला, तर निकाल लागला.

मग सेल्फ दाबत असताना आकडा किती खाली येतो ते बघा. रात्रभर चार्ज करूनही तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी खरंच थकली आहे, मेकॅनिकची माफी मागा आणि नवी घ्या. शेवटी गाडी चालू करून मध्यम रेसवर मोजा. साडेतेराच्या पुढे, चौदाच्या आसपास यायला हवं. तिथेही बारा-साडेबारावरच अडकला, तर गाडी बॅटरीला काही देतच नाही. दोष असतो तो चार्जिंगच्या कॉइलमध्ये, आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीकडे जाणारा करंट सांभाळतो तो) किंवा मधल्या एखाद्या वायरमध्ये. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही चार दिवसांत उपाशी मरेल, आणि मग लोक म्हणतात हल्लीच्या बॅटऱ्या टिकत नाहीत.

टर्मिनल उघडाल तेव्हा पांढरी-हिरवी पावडर दिसते का बघा. कळव्याला खाडीचा वारा, त्यात चार महिने पाऊस, दिसेलच. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा. कित्येकदा दुरुस्ती एवढीच असते.

ब्रेकच्या चीं आवाजाला घाबरू नका. रात्रीच्या दवाने ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर धरतो, पहिल्या दोन-चार ब्रेकला तो घासून जातो. महाप्यापर्यंत ओरडत राहत असेल तर गोष्ट वेगळी. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं तेव्हा तुम्ही गाडी त्यातून काढली असणार. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. ते गढूळ पाणी ड्रममध्ये शिरतं, मागे बारीक गाळ राहतो, ब्रेकची पिन कोरडी पडते. पावसाळ्यात आवाज येत नाही, सगळं ओलं असतं. कोरडी हवा सुटली की गाडी बोलायला लागते. आपल्याकडे हिवाळ्यात उमटणारी निम्मी दुखणी जुलै-ऑगस्टमध्ये जडलेली असतात, हे माझं इतक्या वर्षांचं मत आहे. दोन्ही चाकं उघडून ड्रम साफ, पिनला ग्रीस, लायनर बघणं, एवढं गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्या. मागच्या ड्रमवर बाहेरून एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला की लायनर संपले. चाक बाहेर आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर तेही बदला.

चेनचं उत्तर सोपं आहे, पण त्याआधी एक ताकीद. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाला उजव्या हाताची दोन पेरं नाहीत. इंजिन बंद, न्यूट्रल, मेन स्टँड, चाक हाताने फिरवायचं. यात सूट नाही.

तुमच्या गाडीला बंद चेन कव्हर असेल, त्याला तपासायला रबरी बूच असतं. ते काढून चेन बोटाने वर-खाली करा. दोन ते तीन सेंटिमीटर खेळ हवा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि जिथे सगळ्यात कडक लागेल तिथलं माप धरा. आवाज नको म्हणून मेकॅनिकला 'टाइट कर' सांगू नका. मागे माणूस बसला की चेनचा ताण बदलतो. ढिली चेन वाजते, कडक चेन मुकाट्याने बेअरिंग आणि स्प्रॉकेट खाते. धुवायला रॉकेल किंवा डिझेल चालतं, पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने आतल्या बाजूने. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना लावलं तर ते कड्यांच्या आत मुरतं. रात्री लावा, म्हणजे सकाळी पँटवर शिंतोडे नाहीत. जळकं इंजिन ऑइल चेनला घालायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरायला लागतो.

आता भावाची यादी. भाऊ हौशी आहे, मनाने चांगला आहे, पण तीन हजारांत तो बहिणीची गाडी गणपतीच्या मखरासारखी सजवायला निघालाय.

एलईडीबद्दल मी आकस ठेवून बोलतो, कारण नवखा असताना मीही हाच उद्योग केला होता. एलईडी नव्हते तेव्हा. कंपनीच्या ३५ वॅटच्या जागी मी ९०/१०० वॅटचा बल्ब घातला होता आणि नाशिकहून रात्री परत येत होतो. आसनगावपर्यंत राजासारखा आलो. पुढे रबर जळल्याचा वास, आणि वाशिंद जाऊन पडघा यायच्या आत होल्डर वितळून काळोख. पुढे एक एसटी चालली होती. तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून भिवंडी बायपासपर्यंत आलो. ड्रायव्हरने दोनदा कशाला ब्रेक मारला ते त्यालाच ठाऊक. मला आजही तो प्रवास दिव्यापेक्षा ब्रेक-लाइटसाठी आठवतो.

एलईडी बल्ब होल्डर वितळवणार नाही, पण तुमच्या दिव्याचा आरसा घडवलेला असतो फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी. तिथे भलताच बल्ब बसला की उजेड पसरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर कमी पडतो. त्याऐवजी काच आतून-बाहेरून पुसून घ्या, आणि मागे बाबांना बसवून गाडी भिंतीसमोर उभी करा. मागे वजन आलं की झोत आकाशाकडे जातो. आठ-दहा मीटरवरून लो बीम दिव्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडायला हवा. झोत वर-खाली करायचा स्क्रू एकच असतो.

जाड टायर नको. रिम त्या मापाचं नाही, कव्हरला घासेल, मायलेज पडेल, गाडी वळायला जड होईल. आहे तोच टायर गोटा झाला असेल तर कंपनीच्या मापाचा नवा घ्या, बाकी सगळं थांबवून आधी तो घ्या. बाजूला चार आकड्यांची खूण असते. ३५१८ म्हणजे २०१८चा पस्तिसावा आठवडा. असा आकडा तुमच्या टायरवर निघाला तर तो गाडीसोबत आलेला आहे, नक्षी शिल्लक दिसली तरी रबर लाकूड झालेलं असणार. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. पारा दहा अंशांनी उतरला की दीडेक पीएसआय आपोआप कमी होतात, शिवाय जे झिरपतं ते वेगळं. पंक्चरवाला 'किती मारू?' विचारतो तेव्हा 'चाळीस मार' म्हणणाऱ्यांच्या गाड्या पुढच्या खड्ड्यात उड्या मारतात. आकडा पुस्तिकेत आणि बहुधा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर आहे, एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा.

हॉर्न आहे तोच बरा होईल, बॅटरीचा प्रश्न सुटला की. चार्जर मात्र ठेवा, काढून टाकू नका, घोटीच्या वाटेवर लागेल. फक्त त्याची वायर किल्लीच्या पुढून घ्या, म्हणजे किल्ली बंद की चार्जर बंद, आणि मध्ये फ्यूज. ऑटो इलेक्ट्रिशियनचं वीस मिनिटांचं काम. पैसे उरले तर हँडलला बोटांपुढे येणारे प्लास्टिकचे नकल गार्ड लावा. पहाटे ऐरोलीच्या पुढे बोटं आखडतात आणि ब्रेकला हात उशिरा जातो. आणि मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर टेप लावा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहाटे एक गोष्ट जपा. काँक्रीट कोरडं दिसतं, पण दव पडलेलं असतं, त्याखाली धूळ आणि ट्रकचं सांडलेलं डिझेल. सिग्नलला गाड्या थांबतात त्या पट्ट्याच्या मधोमध काळपट डाग असतो. तिथे पाय टेकलात तरी चप्पल सरकते. चाकाच्या रेषेत चाला, मधोमध नको.

घोटी. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला हे खरं, पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. भावाला सांगा. तुमचा रस्ता जुनाच, खारेगाव, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट. पहाटे पाचला निघू नका. शहापूर-खर्डीच्या पट्ट्यात धुकं असलं तर ऊन वर येईपर्यंत पुढचा ट्रेलर दिसत नाही. आठला निघा. धुकं लागलंच तर लो बीम. हाय बीमने पांढरी भिंत समोर उभी राहते. व्हायझरवर वाफ धरू नये म्हणून आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पुसून घ्या.

मागे बसणाऱ्यालाही चांगलीच थंडी वाजते, कारण तो हलत नाही. बाबांच्या गुडघ्यांवर थेट वारा बसेल. माळ्यावरचे रेनकोट काढा. पावसाळी पँट वारा अडवते, स्वेटर अडवत नाही. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, ही युक्ती तुमच्या बाबांनाच माहीत असेल. मफलरची टोकं आत खोचलेली हवीत, तुमची ओढणीही. हेल्मेट दोघांना, आयएसआय खुणेचं. आसनगावला एकदा आणि घाटाआधी कसाऱ्याला एकदा थांबा, त्यांना पाय मोकळे करू द्या.

चढताना गाडी दम खाईल, खाऊ द्या, खालचा गिअर टाका. परत येताना उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह होतो. करू नका. तिसऱ्यात ठेवा, इंजिनच गाडीला धरून ठेवील. सतत दाबून ठेवलेला ड्रम ब्रेक तापला की ऐन वळणावर पोकळ लागतो, आणि तुमच्या मागे तेव्हा वीस टनांचा ट्रक असतो, त्याचाही ब्रेक तापलेला.

पुढच्या पत्रात मला तीन आकडे लिहा. रात्रीचा, सकाळचा आणि गाडी रेसवर असतानाचा. दीड हजार तोवर तुमच्याकडेच राहू द्या.